साठ माणसांचा कारखाना आणि वर्षाला चार पुस्तकं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत वडिलांनी उभा केलेला मशीनिंगचा कारखाना, ६० माणसं, गेल्या दिवाळीपासून कारभार मुलीकडे. ती लिहिते: "वर्षाला चार, फार तर पाच पुस्तकं वाचून होतात. नेतृत्वावरची वाचू की बिहेवियरल इकॉनॉमिक्सची? सध्या तीन गोष्टींनी हैराण आहे. पहिल्या शिफ्टला लोक उशिरा येतात. रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, लपवलं जातं. आणि बाबांच्या वेळचे सुपरवायझर माझं ऐकून घेतात, पण करतात त्यांना हवं तेच."

आधी उत्तर देतो. पहिलं अँडी ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' घ्या, दुसरं अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांचं 'मिसबिहेविंग'. त्यानंतर सर्जन अतुल गवांदे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' आणि अभिजित बॅनर्जी-एस्थर डुफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स'. एवढ्यात तुमचं वर्ष संपेल. पण ही चार का, आणि ज्यांची नावं तुम्हाला सगळे सांगतात ती यात का नाहीत, हे कळलं तर पुढच्या वर्षीची निवड तुमची तुम्हाला करता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी २६ वर्षं पिंपरीत आणि पुढे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत काढली, त्यातली शेवटची १२ प्लांट हेड म्हणून. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकून शिकलोय.

ही दोन्ही प्रकारची पुस्तकं दुकानात 'बिझनेस' या एकाच पाटीखाली शेजारी शेजारी असतात, पण त्यांची जात वेगळी आहे. नेतृत्वाचं पुस्तक बहुतेक वेळा साक्ष असते. कुणीतरी जबाबदारी पेलली, किंवा पेलणाऱ्यांना जवळून पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगितलं. वर्तनात्मक अर्थशास्त्राचं, म्हणजे बिहेवियरल इकॉनॉमिक्सचं (माणसं प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात याचं शास्त्र), पुस्तक प्रयोगांवर उभं असतं: इतक्या माणसांना असं विचारलं, इतक्यांना तसं, फरक एवढा पडला. साक्षीदाराचं ऐकताना तो कुठे उभा होता ते बघायचं असतं. प्रयोगाबद्दल वाचताना तो किती माणसांवर झाला आणि नंतर दुसऱ्या कुणी करून पाहिला का, हे विचारायचं असतं. आपण नेमकं उलटं करतो. साक्ष ऐकून तिचा नियम बनवतो आणि प्रयोग वाचून त्याचं औषध करून टाकतो.

निवडीसाठी मी एक साधी खूण वापरतो. अडचण दोन-चार ओळखीच्या माणसांशी आहे, त्यांचा स्वभाव, मान, जुने उपकार-अपमान यांच्याशी आहे, तर पहिल्या कपाटाकडे, म्हणजे नेतृत्वाच्या पुस्तकांकडे जायचं. तीच छोटीशी निवड पुष्कळ माणसं रोज करतायत, प्रत्येकाचं कारण वेगळं असलं तरी आकडा एका बाजूला झुकतोय, तर दुसऱ्या, म्हणजे वर्तनाच्या कपाटाकडे. तुमचे सुपरवायझर पहिल्यात बसतात, उशिरा येणं दुसऱ्यात. रिजेक्शन लपवणं दोन्हीकडे मोडतं, आणि माझ्या मते तुमच्या तीन अडचणींत तीच सगळ्यात मोठी आहे.

आता नेतृत्वाच्या कपाटाबद्दल. तुम्हाला हमखास सुचवलं जाणारं पुस्तक म्हणजे जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट'. ते २००१ सालचं. १,४३५ कंपन्यांमधून चाळून ११ काढल्या. या कंपन्यांनी १५ वर्षं शेअर बाजाराच्या किमान तिप्पट परतावा दिला होता. मग त्यांच्यात समान काय आहे ते शोधलं. मेहनत खरी होती. पण त्या ११ पैकी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि वेल्स फार्गोमध्ये ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गडबड पद्धतीत आहे. जिंकलेल्यांनाच गोळा करून 'तुम्ही काय केलंत' असं विचारलं, तर तेच सगळं करून हरलेले कधी समोर येतच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञासमोर हाच पेच होता. परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं जास्त, तिथे पत्रा जाड करावा असं सैन्याला वाटत होतं. वाल्ड यांनी दाखवलं की जिथे भोकं दिसत नाहीत तो भाग मजबूत करायला हवा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. (हेच वाल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेले. अवघ्या ४८ वर्षांचे होते. मला ते नेहमी चटका लावून जातं.)

आणखी एक मेख आहे. धंदा जोरात असताना मालकाला लोक 'ठाम' म्हणतात, धंदा बसला की त्याच माणसाला 'हेकट' म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच हे लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दाखवलं होतं. एका गुणाबद्दल चांगलं मत झालं की बाकी गुणांनाही आपोआप चांगले गुण मिळत होते. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये 'द हेलो इफेक्ट' या पुस्तकात व्यवस्थापनाच्या गाजलेल्या पुस्तकांना हीच कसोटी लावली. यशाच्या दिवसांत घेतलेल्या मुलाखतींतून नेतृत्वाचे गुण शोधले, तर यशाचाच उजेड त्या गुणांवर पडलेला असतो. तुमच्या वडिलांबद्दल बाजारात आज जे चांगलं बोललं जातं, त्यातलं किती त्यांच्या स्वभावाचं आणि किती भरलेल्या ऑर्डर बुकचं, हे तुम्हीच जास्त ओळखाल.

हे मी पुस्तकातून नंतर शिकलो. त्याआधी त्याची किंमत एका भल्या माणसाने दिली होती. वीस एक वर्षांपूर्वी मी 'योग्य माणसं बसमध्ये, चुकीची बसबाहेर' हा कॉलिन्स यांचा विचार वाचून भारावलो होतो. आमच्याकडे १८ वर्षं काम केलेले एक सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे, होते. नव्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर त्यांचं मन रमत नव्हतं, प्रत्येक बदलाला ते आधी 'नाही' म्हणायचे. मी त्यांना 'बसमधला चुकीचा माणूस' ठरवलं आणि स्टोअरला बदली केली. सहा महिन्यांत ते सोडून गेले. त्यानंतर एका जुन्या फिक्श्चरवर (पीस पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) माल सतत अंडरसाइज येऊ लागला आणि आम्ही तीन आठवडे कारण शोधत बसलो. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या 'नाही'त काय माहिती आहे हे मी एकदाही बसून विचारलं नव्हतं. पुस्तकाने तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं, पण साक्षीचा नियम करणारा मी होतो.

म्हणून तुमच्या जुन्या सुपरवायझरांसाठी मी ग्रोव्ह सुचवतो. ते इंटेलचे प्रमुख होते आणि पुस्तक १९८३ चं आहे, पण सुरुवात कशाने होते? नाश्त्याने. उकडलेलं अंडं, टोस्ट, कॉफी एकाच वेळी गरम गरम कसं वाढायचं, त्यात अंड्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणून सगळं वेळापत्रक अंड्याभोवती कसं बांधायचं. ज्याने शॉप फ्लोअर पाहिलाय त्याला पहिल्या दहा पानांतच कळतं की हा माणूस आपल्यातला आहे. ग्रोव्ह यशाचं रहस्य सांगत नाहीत, रोजचं काम कसं करायचं ते सांगतात. त्यामुळे उद्या एखादी कंपनी बुडाली तरी त्यांच्या पानांना धक्का लागत नाही.

त्यातली एक कल्पना तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. माणसाची तयारी कामागणिक बदलते, आणि त्याच्यावर किती लक्ष ठेवायचं हे त्या विशिष्ट कामातल्या तयारीवर ठरवावं. नवख्याला काय, कधी, कसं हे स्पष्ट सांगावं. थोडा तयार झाला की चर्चा, आधार. पूर्ण तयार असेल तर उद्दिष्ट ठरवून बाजूला व्हावं, फक्त नजर ठेवावी. तुमचा २० वर्षांचा सुपरवायझर मशीनच्या आवाजावरून टूल घासलाय हे ओळखतो, तिथे तुम्ही सूचना दिलीत तर त्याला अपमान वाटणारच. पण तोच माणूस कस्टमरच्या पोर्टलवर रिपोर्ट भरण्यात पहिल्या दिवसाचा हेल्पर असतो, आणि हे तो कबूल करणार नाही. तुम्ही बहुधा दोन्हीकडे एकाच सुरात बोलत असाल. आठवड्यातून एकदा, एका सुपरवायझरबरोबर एकट्याने बसण्याची जी पद्धत ग्रोव्ह सांगतात ती जशीच्या तशी उचला. विषय त्याने आणायचे, तुम्ही ऐकायचं, वही तुमच्या हातात.

ग्रोव्ह यांची आणखी एक आठवण त्यांच्या १९९६ च्या पुस्तकात आहे. १९८५ मध्ये इंटेलचा मेमरी चिपचा धंदा जपानी स्पर्धेत तोट्यात चालला होता, पण कंपनीची ओळखच मेमरी होती. ग्रोव्ह यांनी इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू, असं ग्रोव्ह यांनी सुचवलं. घातलेल्या पैशाचा आणि आठवणींचा मोह माणसाला कसा बांधून ठेवतो, यावर दुसऱ्या कपाटात ढीगभर प्रयोग सापडतील. पण त्यातून सुटायचं कसं, हे मला या एका साक्षीतून जितकं कळलं तितकं प्रयोगांतून कळलं नाही. वडिलांच्या हौसेने घेतलेलं आणि आता वर्षाकाठी दोन महिने चालणारं एखादं मशीन तुमच्याकडे असेल, तर हा प्रश्न त्यांच्याशी बोलताना वापरून बघा.

आता दुसरं कपाट. इथे सगळे डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' सांगतील. ते २०११ चं पुस्तक मोठंच आहे, आणि त्यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते काम भक्कम आहे. नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख मोठं वाटतं, हे त्यांनी आणि अमोस टव्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. पण त्याच पुस्तकात 'प्रायमिंग'वर एक प्रकरण आहे: म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचले की माणूस हळू चालतो वगैरे. असे अनेक प्रयोग पुढे दुसऱ्यांना जमले नाहीत, आणि २०१७ मध्ये काहनेमन यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं की छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास टाकला. छोट्या नमुन्यावर विसंबण्याच्या या चुकीवर त्यांनी आणि टव्हर्स्की यांनी १९७१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. एवढा मोठा माणूस स्वतःची चूक इतक्या उघडपणे मान्य करतो, याचा मला फार आदर वाटतो. पण पुस्तक पहिलं म्हणून देत नाही, कारण कुठलं प्रकरण टिकलं आणि कुठलं पडलं हे नवख्या वाचकाला कळत नाही.

या कपाटाची पडझड माहीत असायलाच हवी. २४ प्रकारचे जॅम मांडले तर लोक बघतात पण घेत नाहीत आणि ६ मांडले तर घेतात, हा २००० सालचा प्रयोग प्रत्येक सेल्स ट्रेनिंगमध्ये सांगतात. २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. फॉर्मवर सही खाली घेण्याऐवजी वर घेतली की लोक खरी माहिती भरतात, असं सांगणारा २०१२ चा शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं उघडकीला आलं. आम्ही आमच्या इन्स्पेक्शन शीटवर सहीची जागा वर नेली होती. फरक काही पडला नाही, तेव्हा दोष मी इन्स्पेक्टरांना दिला होता. तो अन्याय होता.

आणि जे टिकलंय तेही पुस्तकात वाटतं तेवढं मोठं नसतं. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी 'नज' (सक्ती न करता माणसाची निवड हलकेच वळवणं) गटांचे १२६ प्रयोग एकत्र तपासले, दोन कोटींहून अधिक माणसं त्यात होती. विद्यापीठांच्या जर्नलमध्ये छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा होता. प्रत्यक्ष कामात तो १.४ निघाला. मला यात निराशा वाटत नाही. रिजेक्शन ४ टक्क्यांवरून २.६ वर आणणाऱ्या माणसाला आपण डोक्यावर घेऊ. पण एका पाटीने किंवा एका मेसेजने कारखाना बदलेल, ही आशा सोडून द्या.

आता तुमचं उशिरा येणं. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या १० पाळणाघरांवर उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. काही पाळणाघरांनी १० मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची; दंड आल्यावर ती एक परवडणारी सेवा झाली. पुढे दंड काढला, तरी आकडा खाली आला नाही.

आमच्याकडे दंड वेगळा होता, वळण वेगळं लागलं. १० मिनिटं उशीर झाला की हाफ डे, असा नियम मी काढला. महिन्याभरात ७ ची शिफ्ट ७:१५ ला येणाऱ्यांऐवजी ११ ला येणाऱ्यांनी भरू लागली. हाफ डे लागणारच आहे तर घरची कामं उरकून येऊ, हा त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता. शिवाय वेतन कायद्यानुसार गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते, हेही मला नंतर कळलं. नियम मागे घेतला आणि मग, जे आधी करायला हवं होतं ते केलं: पंचिंगचा तीन महिन्यांचा डेटा काढून बघितला. उशीर करणारे बहुतेक एकाच बाजूने एकाच बसने येणारे होते, उरलेल्यांत मुलांना शाळेत सोडणाऱ्या बायका होत्या. पहिल्यांसाठी कॉन्ट्रॅक्टरच्या टेम्पोची वेळ बदलली, दुसऱ्यांची शिफ्ट ७:३० ला सुरू केली. राहिलेले चार-पाच जण खरे उशीर करणारे होते, त्यांच्याशी एकेकट्याने बोललो. यात नज कुठेच नव्हता. पण हैफाचा प्रयोग आधी वाचला असता तर दंड लावण्याआधी मी नक्की थांबलो असतो. या कपाटाचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. काय करावं यापेक्षा, जे करायला हात शिवशिवतायत ते करण्याआधी थांबायला ते शिकवतं.

या कपाटातलं 'मिसबिहेविंग' पहिलं का, तर २०१५ च्या या पुस्तकात थेलर यांनी हे शास्त्र कसं घडलं, कुठे भांडणं झाली, कुणी काय आक्षेप घेतले हे क्रमाने सांगितलंय. आक्षेपांसकट वाचलेलं शास्त्र डोक्यात नीट बसतं. त्यात एक प्रसंग आहे. एका कंपनीच्या २३ विभागप्रमुखांना थेलर विचारतात: एक प्रकल्प आहे, निम्मी शक्यता २० लाख डॉलर नफ्याची, निम्मी १० लाख तोट्याची, घ्याल का? तिघेच हो म्हणाले. शेजारी बसलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला विचारलं, तुम्हाला असे किती प्रकल्प व्हायला हवेत? तो म्हणाला, सगळे. कारण २३ एकत्र धरले तर फायदा जवळपास निश्चित. पण प्रत्येक प्रमुखाला माहीत होतं की आपला प्रकल्प बुडाला तर नोकरी जाईल आणि यशस्वी झाला तर थोडा बोनस मिळेल. थेलर म्हणतात, दोष त्या २३ जणांचा नाही, तसं वातावरण ठेवणाऱ्या वरच्याचा आहे. हे वाक्य नेतृत्वाच्या कपाटातलं की अर्थशास्त्राच्या? मला तरी ठरवता येत नाही.

इथून तुमच्या रिजेक्शनकडे येतो. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील ही अपेक्षा होती; नोंदी जास्त निघाल्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चूक सांगायला भीती वाटत नव्हती, म्हणून नोंद होत होती. १९९९ चा त्यांचा पुढचा अभ्यास एका उत्पादन करणाऱ्या कंपनीतल्या ५१ टीमवर होता, म्हणजे आपल्याच जगातला. तेव्हा तुमच्या ज्या लाइनवर रिजेक्शन शून्य लिहिलं जातं, तिथे आधी जा. ऑपरेटरला एक पीस खराब झाल्याचं सांगितल्यावर काय होतं? ओरडा बसतो, सगळ्यांसमोर नाव निघतं, कधी प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह कापला जातो. न सांगितल्यास? बहुतेक वेळा काहीच होत नाही, माल मिसळून जातो आणि महिन्याने कस्टमर कंप्लेंट येते, तेव्हा कुणाचा पीस ते कळतही नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? हा हिशोब दुसऱ्या कपाटाचा आहे. तो बदलायचा तर पहिल्यांदा खराब पीस घेऊन येणाऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणता यावर सगळं ठरतं, आणि ते पहिल्या कपाटाचं आहे.

आता गवांदे का सुचवले ते. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, त्यामुळे आपल्याला जवळीक वाटते, पण कारण वेगळं आहे. त्यांच्या गटाने ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ऑपरेशनआधी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी वापरायला दिली, त्यातलं एक दिल्लीतलं होतं. २००९ मध्ये निकाल आला: मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर, मृत्यू १.५ वरून ०.८ वर. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे यादी वरून आदेशाने लागू झाली होती, आणि मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. यावर तज्ज्ञांत वाद आहेत. माझा अनुभव सांगतो की फर्स्ट पीस अप्रूव्हलची (पहिला पीस तपासून मंजूर केल्याची) शीट शिफ्ट संपताना एका बैठकीत भरली जाते तेव्हा तिचा उपयोग शून्य असतो, आणि सेटर व ऑपरेटर दोघांनी मिळून ती शीट बनवली असेल तेव्हा तीच शीट मशीन थांबवते. पुस्तक वाचा, ऑन्टारिओ लक्षात ठेवून वाचा.

'पुअर इकॉनॉमिक्स'बद्दल थोडं. लेखकांना २०१९ चं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासह. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आई मराठी. प्रयोग आपल्या मातीतले आहेत. उदयपूर जिल्ह्यात लसीकरणाची शिबिरं वेळेवर भरवली तर पूर्ण लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ६ वरून १८ टक्क्यांवर गेलं. सोबत एक किलो डाळ आणि शेवटी थाळ्या दिल्या तर ३९ वर. कारखानदाराने हे का वाचावं? कारण २० तारखेनंतर उचल मागायला येणाऱ्या माणसाकडे आपण 'बेशिस्त' म्हणून बघतो. पैशाची चणचण असताना डोकं कसं व्यापलेलं असतं यावर तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा २०१३ चा अभ्यास आहे: तोडणीआधी हात रिकामे असताना त्याच शेतकऱ्यांना चाचण्या जड गेल्या, पैसे आल्यावर सोप्या. या विषयातल्या काही छोट्या प्रयोगांना पुढच्या पडताळणीत दुजोरा मिळाला नाही, म्हणून मी त्यावर नियम बांधत नाही. पण पगारवाढीच्या महिन्यात एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी १९९८ मध्ये एका मध्यम कारखान्यातच ती केली होती. बचत आजच्या पगारातून मागायची नाही, पुढच्या वाढीतला एक हिस्सा बचतीत जाईल याला आज संमती घ्यायची. सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. आम्ही कामगारांच्या पतपेढीत आवर्ती ठेवीसाठी हाच फॉर्म केला, लेखी संमतीने आणि कधीही बंद करण्याच्या मुभेसह. दिवाळीपर्यंत उचलीची रांग दिसण्याइतकी कमी झाली. तोट्याची भावना टाळली की माणूस बचतीला तयार होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढच्या वर्षी अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात घ्याल तेव्हा २० मिनिटं द्या. नेतृत्वाचं असेल तर लेखक हरल्याचं प्रकरण शोधा. नसेल, किंवा हरण्याचं सगळं खापर दुसऱ्यावर असेल, तर ठेवून द्या. वर्तनाचं असेल तर मागच्या टिपा उघडा. 'एका अभ्यासानुसार' असं लिहून पुढे गेलंय आणि कुणाचा, कधीचा, किती जणांवर हे काहीच नाही, तर तेही ठेवून द्या. मराठी अनुवाद घेणार असाल तर टिपा आहेत का ते आधी पाहा. माझ्याकडच्या दोन अनुवादांत त्या गाळल्या आहेत आणि त्यामुळे तपासण्याचा रस्ताच बंद झाला. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली असेल तर नवीच घ्या. थेलर आणि कॅस सन्स्टीन यांच्या 'नज' या पुस्तकाची २०२१ ची आवृत्ती लेखकांनी बरीच नव्याने लिहिली आहे, आणि पदपथावर मिळते ती बहुधा २००८ ची.

वाचताना एक वही ठेवा, डाव्या पानावर पुस्तक काय म्हणतं ते, उजव्या पानावर आपल्या कुठल्या लाइनवर, कोणाबरोबर, कुठल्या तारखेपासून. उजवं पान रिकामं राहिलं तर पुढचं पुस्तक उघडू नका. आणि उशिरा येण्याचं असो वा रिजेक्शनचं, बदल करण्याआधीचे तीन महिन्यांचे आकडे काढून ठेवा, एका लाइनवर बदल करा, दुसरी तशीच राहू द्या. तुलनेला काही उरलं नाही तर फरक पुस्तकामुळे पडला की दिवाळीमुळे, हे कधीच कळणार नाही.

सुरुवात मात्र पुस्तक येण्याआधी करता येईल. तुमच्या सुपरवायझरांपैकी जो सगळ्यात जास्त वेळा 'हे आपल्याकडे होणार नाही' म्हणतो, त्याच्यासाठी येत्या आठवड्यातला एक तास राखून ठेवा. केबिनमध्ये बोलावू नका, त्याच्या मशीनपाशी जा, आणि त्याच्या शेवटच्या तीन 'नाही'ची कारणं विचारून लिहून घ्या.